शनिवार-रविवारी सिंगापूरहून तिओमान बेट : नव्या मित्रांसोबत जायचं तर आखणी कशी करावी?

केळीबाग_रावेर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भाचा दोन महिन्यांपूर्वी सिंगापुरात नोकरीला लागला. ऑफिसातल्या पाच जणांचं मलेशियाच्या तिओमान बेटावर जायचं ठरतंय : हा एकटा मराठी, एक केरळचा, एक व्हिएतनामी मुलगी आणि दोन फिलिपिनो. सगळे एकमेकांना नवीन. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत, असं म्हणतात. भाचा शाकाहारी आहे, अंडं चालतं. पोहायला गावच्या विहिरीत शिकलाय, समुद्रात कधी उतरला नाही. कागदपत्रं, बोट, खाणं आणि पाणी, या चार बाबतींत नेमकं सांगा. "मजा करा" असले प्रतिसाद नकोत.

धुळेकर_आप्पा

दादा, सगळ्यात आधी बोट. बाकीचं तिच्या मागून येतं.

तिओमानला जाणारी फेरी मलेशियाच्या किनाऱ्यावरच्या मर्सिंग गावाहून सुटते. मर्सिंगचा धक्का नदीत आहे आणि नदीचं मुख उथळ आहे. ओहोटीला मोठी बोट तिथून निघू शकत नाही, म्हणून फेरीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते. एका शनिवारी सकाळी सातला, तर दुसऱ्या शनिवारी दुपारी एकला, असंही होतं. लोक आधी खोली आरक्षित करतात, मग बस, आणि बोटीकडे शेवटी बघतात. तिथंच गाडी रुळावरून उतरते.

उलटं चाला. त्या तारखांचं फेरीचं वेळापत्रक काढा. जाण्याची आणि येण्याची, दोन्ही वेळा सोयीच्या असतील तरच तारीख पक्की करा. परतीची बोट रविवारी सकाळी लवकर असेल, तर बेटावर जेमतेम एक दुपार मिळते. तो आठवडा सोडून द्यायचा. धक्क्यावर बोट सुटण्याच्या किमान एक तास आधी हजर राहावं लागतं. तिकिटाची पावती दाखवून बोर्डिंग पास घ्यायचा आणि सागरी उद्यानाचं शुल्क भरायचं, त्यात वेळ जातो. शुल्काला रिंगिट रोख ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाव काढू नका. त्या महिन्यांत तिकडे ईशान्य मोसमी वारे असतात. समुद्र खवळलेला, फेऱ्या कमी, बरीच हॉटेलं बंद. आपल्याकडे थंडीचं छान हवामान असतं, म्हणून घरचे "डिसेंबरात जा" म्हणतात. तिथं ते उलटं आहे. मार्च ते ऑक्टोबर हा हंगाम.

शिरपूरची_लेक

कागदपत्रांचं मी लिहिते.

भारतीय पासपोर्टवर मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत १ डिसेंबर २०२३ पासून आहे आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. व्हिसा नसला तरी मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र भरावं लागतं. प्रवेशाच्या आधीच्या तीन दिवसांत, सरकारी संकेतस्थळावर, फुकट. शोध घेतला की पैसे मागणारी दिसायला हुबेहूब संकेतस्थळं वर येतात, त्यांत पडू नका. पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख दोनदा तपासा. पावती फोनमध्ये ठेवा आणि तिचा फोटोही काढून ठेवा, कारण सीमेवर नेट अडकतं.

आता महत्त्वाचं. भाच्याला दोनच महिने झालेत. त्याचं पास कार्ड, म्हणजे सिंगापुरात काम करण्याच्या परवान्याचं कार्ड, प्रत्यक्ष निघालंय का? कामाच्या पासला फक्त तत्त्वतः मंजुरीचं पत्र असेल आणि पुढची नोंदणी बाकी असेल, तर देशाबाहेर पाऊल टाकू नये. ते पत्र एकदा आत येण्यापुरतं असतं. पास निघालेला असेल तर परत येताना वेगळा व्हिसा लागत नाही.

प्रत्येकाने आपल्या पासपोर्टाचे नियम स्वतः बघायचे. फिलिपिनो आणि व्हिएतनामी मित्रांना आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटामुळे मलेशियात व्हिसा लागत नाही. पण "तिला लागला नाही म्हणजे मला लागणार नाही" हा हिशेब परदेशात कधीही करू नये. आणि पासपोर्ट एकाच्या बॅगेत गोळा करून ठेवायचे नाहीत. ज्याचा त्याच्या कमरेला.

तापी_पांझरा

रस्त्याचं. सिंगापूर ते जोहोर बारू हे मलेशियाचं सीमेवरचं शहर, मधे एक किलोमीटरचा पूल, १९२४ सालचा. अंतर आपल्याकडच्या शिवारातल्या दोन बांधांएवढं, पण शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी तिथं दोन-तीन तास सहज जातात. त्यात १ जानेवारी २०२५ पासून जोहोर राज्याची साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवार झाली. म्हणजे दोन्हीकडच्या सुट्या आता एकाच वेळी. सिंगापुरात सण रविवारी आला तर सोमवारी सुटी मिळते. अशा लांब सुटीत गर्दी आणखी वाढते.

स्वस्तातला मार्ग असा. सिंगापुरातल्या क्वीन स्ट्रीटहून १७० क्रमांकाची बस थेट जोहोर बारूच्या लार्किन बसस्थानकापर्यंत जाते. सिंगापूरच्या वुडलँड्स चेकपोस्टला सगळं सामान घेऊन उतरायचं, पासपोर्ट दाखवायचा, खाली जाऊन त्याच क्रमांकाच्या पुढच्या बसमध्ये बसायचं. पुलापलीकडे पुन्हा तेच. आपली आधीची बस थांबत नाही, म्हणून सीटवर काहीही ठेवून उतरू नये. पाच जण वेगवेगळ्या रांगांत विखुरतात. "बसच्या रांगेपाशी भेटू" हे आधी ठरवा. पुलावर फोन आपोआप मलेशियाचं नेटवर्क पकडतो, रोमिंग घेतलेलं नसेल तर डेटा आधीच बंद करा.

लार्किनहून मर्सिंग सुमारे १३० किलोमीटर. कोटा तिंग्गीवरून जाणारा रस्ता बराचसा दुपदरी, त्यामुळे बसला अडीच तास धरा. शनिवारच्या सकाळच्या बस भरतात, तिकीट आधी काढा.

बोट सकाळी दहाची असेल तर सिंगापुरातून पहाटे चारला निघणं म्हणजे जुगार आहे. त्यापेक्षा शुक्रवारी रात्री उशिरा, दहानंतर पूल ओलांडा आणि जोहोरला किंवा मर्सिंगलाच झोपा. मर्सिंगमध्ये साध्या खोल्या मिळतात. दुपारी एकनंतरची बोट असेल तरच पहाटेचा बेत ठीक.

केळीबाग_रावेर

शिरपूरच्या ताई, पास कार्ड निघालंय, विचारून घेतलं. आप्पा, बेटावर उतरायचं कुठं? फेरीच्या तिकिटावर पाच-सहा नावं दिसतात.

धुळेकर_आप्पा

फेरी दक्षिणेकडून उत्तरेकडे थांबत जाते : गेंटिंग, पाया, तेकेक, आयर बाटांग (याला सगळे एबीसी म्हणतात) आणि शेवटी सालांग. समुद्र शांत असेल तर पहिल्या थांब्याला दीड तास, सालांगला दोन तासांहून जास्त. हॉटेल ज्या गावात, त्याच धक्क्यावर उतरायचं. गावांना जोडणारा सलग रस्ता नाही. चुकीच्या धक्क्यावर उतरलात तर खासगी बोट करावी लागते आणि ती महाग पडते. बोटीतला माणूस गावाचं नाव ओरडतो, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू येतंच असं नाही. थांबे मोजत राहा.

एका रात्रीसाठी मी एबीसी किंवा तेकेक सांगेन. तेकेक मोठं गाव : दवाखाना, एटीएम, पोलीस सगळं तिथंच. एबीसी त्याच्या उत्तरेला, पायवाटेने जोडलेलं. साध्या लाकडी खोल्या, समोर प्रवाळ. पूर्वेकडचं जुआरा सगळ्यात सुंदर आणि निवांत आहे, पण तिथं तेकेकहून डोंगरावरच्या चढ्या रस्त्याने जीपनेच जावं लागतं. दोन दिवसांच्या सहलीत तो वेळ परवडत नाही. तीन दिवस असतील तर जुआरा.

पैशाचं : एटीएम बंद पडतं किंवा रिकामं होतं. माणशी दोन दिवसांचं जेवण, बोटसफर आणि वर एक जादा दिवस पुरेल एवढी रोकड मर्सिंगला पोचण्याआधीच काढा.

एरंडोलकर

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण धाग्यातला सगळ्यात काळजीचा भाग हाच आहे.

विहिरीत शिकलेला माणूस दमदार पोहतो, यात शंका नाही. पण विहिरीला काठ असतो. चार हात मारले की पायऱ्या हाताला लागतात. समुद्रात काठ मागे राहतो आणि प्रवाह आपल्याला नेत असतो, ते कळतही नाही. खारं पाणी अंग जास्त उचलून धरतं, त्यामुळे सोपं वाटतं आणि माणूस लांब जातो. म्हणून पहिल्या वेळी लाइफ जॅकेट घालूनच. त्याचे पट्टे घट्ट आवळा आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही लावा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून तोंडाशी येतं.

स्नॉर्कल म्हणजे श्वासाची नळी तोंडात धरून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघणं. त्याचा मुखवटा घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकाने हलका श्वास आत ओढायचा. चिकटून राहिला तर माप बरोबर. हवा शिरली तर दुसरा घ्या. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी झिरपतं, तिथं थोडं व्हॅसलीन लावतात. काच धुकट होऊ नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा थेंब चोळून खळखळून घ्यायचा. नळीत पाणी गेलं तर घाबरून मुखवटा काढायचा नाही. "थू" करून जोरात फुंकायचं, पाणी वरून उडतं. हे कमरेएवढ्या पाण्यात दहा वेळा करून बघावं, मगच बोटीने जावं. बोटसफरीत साधारणपणे तुलाई बेट (कोरल आयलंड म्हणतात), मंकी बे आणि तेकेकजवळचं रेंगिस हे छोटं बेट दाखवतात. रेंगिसला काळ्या टोकाचे लहान रीफ शार्क दिसतात. ते माणसाला टाळतात, त्यांच्या मागे लागू नये.

घाबरायचं असेल तर टायटन ट्रिगरफिशला. हातभर लांब, दातेरी मासा. तळाशी अंडी घातलेली असली की धावून येतो आणि चावतो. त्याची हद्द घरट्यापासून वर उलट्या शंकूसारखी पसरत जाते. म्हणून वर पळू नये, वर हद्द आणखी रुंद असते. पाय त्याच्याकडे ठेवून आडवं, बाजूला पोहत निघायचं.

प्रवाळावर उभं राहायचं नाही. ते जिवंत असतं, पाय ठेवला की मरतं, आणि त्याने झालेली जखम लवकर भरत नाही. मधेमधे काळ्या लांब काट्यांचे समुद्री साळू असतात. काटा रुतला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय धरावा, वेदना उतरते. जेलीफिश लागली तर वाळू चोळू नये, गोडं पाणी ओतू नये. व्हिनेगर ओतावं आणि चट्टा मोठा असेल किंवा दम लागत असेल तर थेट दवाखाना. मलेशियाचा आपत्कालीन क्रमांक ९९९.

नंदुरबारी_मिरची

एरंडोलकर भाऊ, बठ्ठं बरोबर शे. एक भर घालतो. गटातल्या कोणी "डिस्कव्हर डाइव्ह" म्हणजे सिलिंडर लावून पहिली बुडी घ्यायची म्हटलं, तर आरोग्याचा फॉर्म खरा भरा. दमा, कानाचं दुखणं, नुकतीच झालेली सर्दी लपवू नका. सर्दीत कानाचा दाब जुळत नाही आणि पडदा फाटू शकतो. नवशिक्याला १२ मीटरपेक्षा खाली नेत नाहीत. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमान टाळायचं असतं. सोमवारी सकाळी कोणी मुंबईला उडणार असेल, त्याने रविवारी बुडी घेऊ नये.

सातपुडा_पायथा

उन्हाबद्दल खानदेशी माणसाला बजावून सांगावं लागतं. "आम्ही मे महिन्यात भुसावळचं ४५ डिग्री सोसतो, तिथल्या ३२ चं काय?" असं वाटतं. आपलं ऊन कोरडं, आपण डोक्याला उपरणं बांधतो आणि दुपारी घरात बसतो. तिओमान विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांवर आहे. हवा दमट, घाम वाळत नाही, आणि पाण्यावर पालथं तरंगताना पाठ तासभर उघडी राहते. थंडावा लागत असल्याने भाजतंय हे कळतच नाही, रात्री झोपताना कळतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला. तो क्रीमपेक्षा भरवशाचा. मान, कान, पोटऱ्यांची मागची बाजू इथं क्रीम लावा, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा.

बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी, हलकं खाऊन. बसायला मागचा आणि मधला भाग घ्या, पुढचं टोक सगळ्यात जास्त आपटतं. फोनकडे नाही, क्षितिजाकडे बघायचं.

पिण्याचं पाणी सीलबंदच. २०११-१२ च्या सुमारास तिओमानहून परतलेल्या बऱ्याच पर्यटकांना सारकोसिस्टिस नावाच्या परजीवीचा त्रास झाला होता. ताप आणि काही आठवडे स्नायूदुखी. दूषित पाणी किंवा अन्नातून तो झाला असावा असं मानलं गेलं. कच्चं सॅलड टाळा. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना बेटाचं नाव आवर्जून सांगा.

माकडं पिशवी उघडतात. खोलीची खिडकी बंद, आणि माकडाने ओरबाडलं तर साबणाने १५ मिनिटं धुऊन रेबीजच्या लशीसाठी दवाखाना.

शिरपूरची_लेक

शाकाहाराचं. तिथं "भाजी" मागितली तरी तीत कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते, तिला बेलाचान म्हणतात. कांगकोंग ही पालेभाजी बहुतेक त्यातच परततात, सांबल या मिरचीच्या चटणीतही तीच. "नो मीट" म्हटल्याने काम होत नाही, कारण मासा आणि कोळंबी त्यांच्या लेखी मीट नाही. मलय भाषेत सांगावं : "साया तक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग. तान्पा बेलाचान." म्हणजे मी मांस, कोंबडी, मासा, कोळंबी खात नाही, बेलाचान नको. "तेलुर बोलेह", अंडं चालेल. हे फोनवर लिहून दाखवलं तर आणखी चांगलं. रोती चनाई आपल्या परोठ्याच्या जवळची, पण सोबतच्या डाळीत कधी मासळीचा रस्सा मिसळतात, विचारून घ्या. केळीची भजी, म्हणजे पिसांग गोरेंग, सगळीकडे मिळते. रावेरच्या माणसाला ओळख लगेच पटेल. रमजानमध्ये गावातल्या टपऱ्या दिवसा बंद असतात.

घरून नेलेलं कोरडं चालतं : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शेव, चिवडा. दशम्या दुधात मळलेल्या असल्याने दमट हवेत दुसऱ्या दिवसापर्यंतच धरा, कागदात गुंडाळून ठेवा, डब्यात कोंडल्या की बुरशी येते. ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं सीमेपलीकडे नेऊ नका.

तापी_पांझरा

परत येतानाचा कस्टम. यात चांगली माणसं अडकतात.

तिओमान करमुक्त बेट आहे, दारू स्वस्त दिसते. पण सिंगापुरात मलेशियाहून येणाऱ्याला दारूची करमाफी मुळीच नाही. एक बाटलीही जाहीर करून कर भरावा लागतो. सिगारेटला कुठूनही आलात तरी माफी नाही. तंबाखूची पुडी, मावा, गुटखा, चघळायचा तंबाखू सिंगापुरात बंदच आहे. च्युइंगमही आणायचं नाही. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, बाळगणं गुन्हा आहे. गटातल्या कोणी बेटावर घेतलं असेल तर तिथंच टाकून यायचं. घरच्या मसाल्यात खसखस घालत असाल तर ती पुडी सोबत फिरवू नका, खसखशीवर तिथं अमली पदार्थांच्या खात्याचं नियंत्रण आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या यांनाही परवानगी लागते.

नवीन मित्र कितीही चांगले असोत, "माझी एवढी पिशवी तुझ्या सॅकमध्ये टाक" याला नाही म्हणायचं. दोन्ही देशांत अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत आणि जबाबदारी ज्याच्या हातात बॅग त्याची. हे आधीच सगळ्यांसमोर मोकळेपणाने बोललं की कोणाला वाईट वाटत नाही.

एरंडोलकर

नव्या लोकांसोबत आणखी तीन गोष्टी निघण्याआधीच बोलून घ्याव्यात. पोहता कोणाला येतं, ते खरं खरं. पाण्यात जोड्या लावायच्या आणि जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. खर्च कोण नोंदवतो. फेरी आणि खोली पाच समान वाट्यांत, दारू आणि बुडी ज्याची त्याची. आणि कोणी आयत्या वेळी गळलं तर त्याचा वाटा परत मिळणार की नाही. तिसऱ्या गोष्टीवरूनच मनं दुखावतात, कारण फेरीचं तिकीट बहुधा परत होत नाही. मुलीला स्वतंत्र खोली हवी असेल तर तो खर्च सगळ्यांत वाटा, तिच्या एकटीवर टाकू नका.

केळीबाग_रावेर

मंडळी, आभारी आहे. भाच्याला धागा पाठवला. तो म्हणतो, तिओमानऐवजी बिंतानला गेलं तर सोपं नाही का? फेरी थेट सिंगापुरातून आहे.

धुळेकर_आप्पा

सोपं आहे, तासाभराची फेरी, भरतीचं बंधन नाही, पूल नाही. पण बिंतान इंडोनेशियात येतं. भारतीय पासपोर्टला तिथं आगमन व्हिसा लागतो, एका रात्रीसाठीही त्याचे पैसे भरावे लागतात. आणि तिथलं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असतं. परतीच्या तिकिटावर स्थानिक वेळ असते आणि फोन कधी कोणत्या नेटवर्कवर असेल सांगता येत नाही, म्हणून हातावर साधं घड्याळ लावून बेटाची वेळ ठेवावी. प्रवाळ बघायचं असेल तर तिओमान, नुसतं किनाऱ्यावर पडायचं असेल तर बिंतान.

सातपुडा_पायथा

तिओमान ठरलं तर सोमवारची एक रजा हातात ठेवायला सांगा. वारं सुटलं की परतीची फेरी रद्द होते आणि पुढची दुसऱ्या दिवशीच्या भरतीला. रोजच्या गोळ्या असतील तर दोन दिवस जास्तीच्या घ्या. चार्जरला तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो, सिंगापूरचाच चालतो; जळगावहून आणलेला गोल पिनांचा तिथं बसत नाही. आणि फोन, पासपोर्ट आधी झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, मग बॅगेत. धक्क्यावरून छोट्या बोटीत उतरताना लाट हमखास आत येते.